मालिका संपली, आता उशाशी काय?

ऐतिहासिक मालिका संपली की पुढच्याच आठवड्यात वाचनालयाच्या काउंटरवर ठरलेली मागणी येते. 'ती मालिका लागायची ना, तिचं पुस्तक द्या.' आमच्याकडचे ग्रंथपाल काका मान वर न करता मागे हात नेतात आणि 'छावा' किंवा 'श्रीमान योगी' काढून देतात. पुस्तकाला खाकी कव्हर, कोपरे दुमडलेले, मागच्या चिठ्ठीवर तारखांच्या शिक्क्यांची दाटी. वाचक खूश, काकाही खूश. पंधरा दिवसांनी पुस्तक परत येतं तेव्हा आत विसरलेली बसची तिकिटं बहुतेक वेळा शंभराव्या पानाच्या आसपासच सापडतात.

हे मी खूप वर्षं बघत आलो आहे आणि त्यात वाचकाचा आळस आहे असं मला वाटत नाही. जोडीच चुकलेली असते. पावसाळी संध्याकाळी गोधडीत शिरून वाचायला माणूस पुस्तक घेतो ते जे पाहिलं तेच पुन्हा ऐकायला नव्हे. त्याला त्या काळात आणखी थोडे दिवस राहायचं असतं. त्याच कथेचं पुस्तक हातात दिलं की घर तेच, माणसं तीच, आणि शेवटही ठाऊक. त्यात भर म्हणून पानापानावर एक चेहरा आडवा येतो.

या चेहऱ्याचं प्रकरण मला 'स्वामी'ने शिकवलं. थोरल्या माधवराव पेशव्यांवरची रणजित देसाईंची ही कादंबरी 1962 ची, तिला 1964 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दूरदर्शनवर ती मालिका म्हणून आली 1987 मध्ये. दिग्दर्शक गजानन जागीरदार. 'प्रभात'च्या 1944 च्या 'रामशास्त्री' चित्रपटात रामशास्त्री रंगवणारे हेच जागीरदार, त्यामुळे त्यांचा त्या दरबाराशी जुना घरोबा होता. माधवराव झाले रवींद्र मंकणी, रमाबाई मृणाल देव (नंतरच्या मृणाल कुलकर्णी) आणि राघोबादादा श्रीकांत मोघे. आमच्याकडे तेव्हा कृष्णधवल संच होता. शेजारपाजारच्या बायका सतरंजीवर बसायच्या आणि माधवरावांना खोकला आला की आजी वाती वळता वळता म्हणायची, 'अगं, याला कुणीतरी सुंठ-मध द्या गं.' त्या घराण्यातल्या कारस्थानांपेक्षा तिला तो खोकला जास्त बोचत असे.

कादंबरी मी त्यानंतर वाचली आणि वाचताना सारखा अडखळत राहिलो. पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा माधवराव जेमतेम सोळा वर्षांचे होते. पानिपतला नुकतेच सहा महिने होत होते, वडील गेले होते, काका गादीवर डोळा ठेवून होते. मिसरूडही न फुटलेलं पोर एवढं ओझं कसं पेलतं, हाच त्या आयुष्यातला खरा चटका. पण माझ्या डोळ्यांसमोर सोळा वर्षांचा पोर उभाच राहीना. मंकणींचं ते भारदस्त, शांत, मोठ्या माणसाचं रूप तिथे आधीच येऊन बसलं होतं. देसाईंनी लिहिलेलं मी वाचत होतो, पण ऐकू मंकणींचा आवाज येत होता. त्यांनी भूमिका उत्तम केली होती, म्हणूनच तर ही पंचाईत.

आणि आपल्याकडे हे चेहरे एका जागी थांबतही नाहीत. 2014 मध्ये मृणाल कुलकर्णींनी 'रमा माधव' हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात त्या स्वतः गोपिकाबाई झाल्या, म्हणजे रमेच्या सासूबाई. आणि मंकणी झाले नानासाहेब, म्हणजे माधवरावांचे वडील. सत्तावीस वर्षांत नवरा-बायकोची बढती होऊन ते सासू-सासरे झाले. त्याच चित्रपटात सदाशिवरावभाऊ होते अमोल कोल्हे, जे 2008 पासून 'स्टार प्रवाह'च्या 'राजा शिवछत्रपती'त शिवाजी महाराज होते आणि पुढे 2017 मध्ये 'झी मराठी'वर संभाजी महाराज झाले. 'राजा शिवछत्रपती'त जिजाऊ पुन्हा मृणाल कुलकर्णी. 2017 च्या मालिकेत शिवाजी महाराज झाले शंतनू मोघे, म्हणजे आपल्या राघोबादादांचे चिरंजीव. मराठी इतिहासाची दीडशे वर्षं अशी चार-सहा घरांत फिरत आहेत. नटांना दोष देण्याचं काहीच कारण नाही, पण वाचकाच्या डोक्यात मात्र पात्रांची सरमिसळ होते.

म्हणून माझा एक साधा नियम झाला आहे. मालिका ज्या माणसाची, त्याचं पुस्तक लगेच उघडायचं नाही. त्याच वाड्यातल्या शेजारच्या खोलीत जायचं. मालिकेत जो चार प्रसंगांपुरता आला, दाराआड उभा राहिला, किंवा खलनायक म्हणून डोळे वटारून गेला, त्याच्यावरची कादंबरी शोधायची. काळ तोच राहतो, वाडा ओळखीचा असतो, आणि चेहरा मात्र आपल्याला नव्याने घडवावा लागतो.

'स्वामी'ची खरी जोडी त्यामुळे माझ्या मते ना. सं. इनामदारांची 'शिकस्त' आहे. ही 1983 ची कादंबरी पार्वतीबाईंची, म्हणजे पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नीची. 14 जानेवारी 1761 नंतर भाऊंचं काय झालं याची खात्री पार्वतीबाईंना कधीच पटली नाही. त्यांनी वैधव्य पत्करलं नाही, कुंकू पुसलं नाही. शनिवारवाड्यात माधवराव कारभाराची घडी बसवत होते, राघोबादादांशी भांडण-समेट चालले होते, 1763 मध्ये राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला. या सगळ्या वर्षांत त्याच वाड्यात एक बाई नवरा परत येईल म्हणून वाट पाहत होती. आणि मग भाऊ म्हणवणारा माणूस खरोखरच आला. तोतया. त्याच्यामागे लोक जमले, किल्ले गेले, पुण्याच्या कारभाऱ्यांची झोप उडाली. अखेर 1776 मध्ये त्याला देहान्त शासन झालं. न. चिं. केळकरांनी यावरच 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं होतं, पण केळकरांचा रोख बंडाकडे आहे, इनामदारांचा त्या बाईकडे. ज्याच्या येण्याची तिने पंधरा वर्षं वाट पाहिली, तो आला असं सगळं गाव म्हणतं आहे, आणि तिला ठरवायचं आहे की हा तोच आहे का. याहून भेदक प्रश्न पेशवाईवरच्या दुसऱ्या कुठल्या कादंबरीत मला भेटलेला नाही.

'स्वामी' पाहिलेल्या माणसाने 'शिकस्त' वाचली की आणखी एक गंमत होते. मालिकेत रमा-माधवाचं प्रेम सोज्वळ आणि शेवट पवित्र आहे. 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला क्षयाने माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. देसाईंनी तो शेवट इतक्या हळुवारपणे लिहिला आहे की वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात आणि सती या प्रथेकडे पाहायचं राहून जातं. 'शिकस्त'मध्ये दुसरी बाई सती जात नाही, विधवाही होत नाही, आणि तिला त्याची वेगळी किंमत मोजावी लागते. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली की पहिल्याची गोडी कमी होत नाही, फक्त डोळे कोरडे ठेवून ते पुन्हा वाचावंसं वाटतं.

इनामदारांबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण या सगळ्या जोड्या लावताना सारखं त्यांच्याच दाराशी जावं लागतं. देसाई आणि शिवाजी सावंत यांनी लोकांना प्रिय असलेली माणसं निवडली. इनामदारांचा ओढा बदनाम माणसांकडे. 'झेप' त्रिंबकजी डेंगळ्यांवर, 'झुंज' यशवंतराव होळकरांवर, 'मंत्रावेगळा' दुसऱ्या बाजीरावावर, 'शहेनशाह' औरंगजेबावर. बाजीराव-मस्तानीवरची 'राऊ' तेवढी लोकप्रिय विषयाची. ती 1972 ची. स्मिता तळवलकरांनी ती छोट्या पडद्यावर आणली आणि 2015 मध्ये हिंदी चित्रपटाने तिचा डंका देशभर वाजवला. बाकीच्या अजून मालिकांच्या हाती फारशा लागलेल्या नाहीत. उशाशी ठेवायला याहून सोयीची गोष्ट नाही.

आता संभाजी महाराज. इथे नुसती कादंबरी पुरत नाही, कारण या माणसाची प्रतिमा मराठीत किमान चार वेळा बदलली आहे. बाळाजी आवजी चिटणीसांना संभाजी महाराजांनी देहदंड दिला, आणि शतकाहून जास्त काळ लोटल्यावर त्यांच्याच वंशातल्या मल्हार रामराव चिटणीसांनी बखर लिहिली. त्या बखरीतल्या संभाजीराजांवर मग किती तरी नाटकं पोसली गेली. व्यसनी, उतावळा, बापाच्या कर्तृत्वाला काळिमा फासणारा राजपुत्र हा त्यांचा साचा. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षं दप्तरं धुंडाळली, 1960 मध्ये त्यांचा चरित्रग्रंथ आला आणि तो साचा मोडायला लागला. डॉ. कमल गोखल्यांचं 'शिवपुत्र संभाजी' त्यानंतरचं, 1971 चं. सावंतांचा 'छावा' 1979 चा, म्हणजे या संशोधनाच्या खांद्यावर उभा राहिलेला. 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका 2017 ते 2020 चालली आणि 2025 मध्ये 'छावा' हिंदी पडद्यावर आला. आज दहावीतल्या मुलाला जुना, नाटकातला संभाजी सांगितला तर त्याचा विश्वासच बसणार नाही. एका कादंबरीने आणि एका मालिकेने मिळून हे केलं, आणि एका अन्यायाची भरपाई झाली हे चांगलंच झालं.

पण भरपाई करताना लंबक दुसऱ्या टोकाला जातो. मालिकेत संभाजी महाराजांच्या भोवती कट करणारी माणसं इतक्या उघडपणे कट करत होती की रायगडावर एकालाही ते कसं दिसलं नाही याचंच आश्चर्य वाटे. सोयराबाई पडद्यामागून डोकावल्या की पार्श्वसंगीतच आधी बातमी देऊन टाकी. रोजच्या मालिकेची ही गरज आहे. रोज एक भाग भरायचा, रोज शेवटी काहीतरी थबकायला हवं, म्हणून खलपुरुष रोज हजर लागतो. औरंगजेबाचंही तेच झालं. म्हणून संभाजी महाराजांच्या मालिकेनंतर मी लोकांना 'शहेनशाह' देतो. पुस्तक हातात घेताना काही जण चेहरा वाकडा करतात. त्यांना मी एवढंच सांगतो की 1689 मध्ये संभाजी महाराजांना ज्याने हाल करून मारलं तो माणूस त्यानंतर अठरा वर्षं इथेच, याच मातीत, छावण्या हलवत म्हातारा होत राहिला. दख्खन जिंकायला आला आणि दिल्लीला परत न जाताच 1707 मध्ये अहमदनगरजवळ मेला. ज्याला आपण रोज रात्री शिव्या घातल्या त्याची ती शेवटची वर्षं वाचताना मनात काय होतं ते प्रत्येकाने आपापलं बघावं. माफ करावंसं वाटत नाही. पण मालिकेतला तो डोळे फिरवणारा बादशहा मग फारच लहान वाटायला लागतो.

संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाईंसाठी मात्र शेजारची खोली मला अजून सापडलेली नाही. 1689 मध्ये रायगड पडला, त्या आणि छोटे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहू 1707 मध्ये सुटले आणि येसूबाई 1719 मध्ये. तीस वर्षं. मालिका संभाजी महाराजांबरोबर संपते आणि ही तीस वर्षं पडद्याबाहेर राहतात. कोणी तरी लिहावं.

शिवाजी महाराजांबाबत माझा नियम मी स्वतःच मोडतो. 'श्रीमान योगी' द्यायची असेल तर खुशाल द्यावी, पण कथेच्या आधी छापलेलं नरहर कुरुंदकरांचं लांबलचक पत्र आधी वाचायचं या अटीवर. कादंबरीच्या दारातच एवढा कठोर पाहुणा उभा करणं ही देसाईंची दिलदारी. ते पत्र वाचून पुढे गेलं की कादंबरी कुठे इतिहासाशी बोलते आणि कुठे गप्प बसते हे आपोआप कळत जातं. कृष्णाजी अनंत सभासदाची बखरही जोडीला ठेवावी. जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेली, लहानशी, दोन संध्याकाळींत संपणारी.

सगळ्यात सुंदर जोडी लागते ती मात्र तलवारी नसलेल्या मालिकेशी. 2012 मध्ये 'उंच माझा झोका' आली. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाईंची गोष्ट. छोटी रमा तेजश्री वालावलकर, मोठी स्पृहा जोशी. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली मुलगी, तिला शिकवू पाहणारा तिशी ओलांडलेला नवरा, आणि ते सहन न होणारं घर. बघणाऱ्यांनी रमाबाईंचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' वाचलं आणि ते योग्यच झालं. 1910 चं ते पुस्तक आजही ताजं आहे. इथे माझा नियम उलटा लागू पडतो: चेहरा आड येत नाही, कारण बोलणारी बाई स्वतःच आहे आणि तिचा आवाज कुठल्याही नटीपेक्षा पक्का आहे.

पण जोडी म्हणाल तर हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' हीच. ही ऐतिहासिक कादंबरी नाही, असं कुणी म्हणेल. आपट्यांनी 'उष:काल' आणि 'गड आला पण सिंह गेला' लिहिल्या, त्या ऐतिहासिक. ही त्यांच्या स्वतःच्या काळाची. बरोबर आहे. आणि म्हणूनच तिची गोडी वेगळी. मालिका 1870-80 चं पुणं घडवते: लुगडी, पितळी समया, शेणाने सारवलेलं अंगण, सगळं स्वच्छ आणि जरा नवंकोरं. आपट्यांना काही घडवावं लागत नव्हतं. ते खिडकीतून बघून लिहीत होते. 1890 मध्ये पुण्यात ख्रिस्ती पंचहौद मिशनमधल्या चहाने रणधुमाळी उडवली. त्यात रानडे होते, टिळक होते, आणि पुढे प्रायश्चित्तावरून घरोघर वाद पेटले. त्याच वर्षी आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात यमूची ही कहाणी क्रमशः येऊ लागली. ज्या घरांत चहाचा कप धर्मबुडवा ठरत होता त्याच घरांतल्या बायका-पुरुषांनी ती अंकाअंकाने वाचली. म्हणजे आज आपण रोज रात्री पुढच्या भागाची वाट पाहतो तशी त्यांनी पुढच्या अंकाची पाहिली.

यमू आणि रमा एकाच शहरातल्या, एकाच काळातल्या मुली. एकीला नवरा मिळाला तो पुढे हायकोर्टाचा न्यायाधीश झालेला, आणि तिची गोष्ट झोक्यासारखी वर गेली. दुसरीलाही शिकवणारा नवरा मिळाला, पण तो गेला आणि मागे राहिला शंकरमामंजींसारखा माणूस. मालिका बघून आपण म्हणतो, बघा, तेव्हाही असे नवरे होते. यमू वाचली की कळतं की नवरा जगला की मेला एवढ्यावर सगळं टांगलेलं होतं. इथे मी सावध करतो: ही कादंबरी झोपण्यापूर्वी वाचू नये. दुपारी वाचावी. संध्याकाळसाठी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ठेवावी. तिच्यातलं दुःख कमी नाही, पण लक्ष्मीबाई स्वतःवर इतक्या हसतात की गोधडीतही हसू फुटतं. विजया मेहतांनी तिच्यावर टेलिफिल्म केली होती, लक्ष्मीबाई झाल्या होत्या सुहास जोशी. बघायला मिळाली तर पुस्तकानंतर बघा.

काही जोड्या चटकन सांगून टाकतो. संजय खान यांची 'द ग्रेट मराठा' ही 1994 ची दूरदर्शनवरची महादजी शिंद्यांची मालिका आठवत असेल तर तिच्या मागे विश्वास पाटलांची 'पानिपत' लावू नका, पुढे 'झुंज' लावा. महादजी गेल्यावर शिंदे-होळकरांचं काय झालं ते तिच्यात आहे, आणि 1802 मध्ये होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांची फौज उधळली तेही. 'पानिपत' तशी एकटीच वाचावी, तिला जोड लागत नाही. 'पुण्यश्लोक अहिल्याबाई' पाहिली असेल तर विनया खडपेकरांचं 'ज्ञात-अज्ञात अहिल्याबाई होळकर'. ती कादंबरी नाही, पण मालिकेच्या साखरेनंतर तसंच काहीतरी लागतं. 1990 ची 'द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान' भगवान गिडवानींच्या कादंबरीवर बेतलेली होती आणि न्यायालयातून सुटताना ती काल्पनिक असल्याची सूचना दाखवायची अट तिला पाळावी लागली. मराठी वाचकाला तिची जोडी घरातच आहे: आपट्यांची 'म्हैसूरचा वाघ', मेडोज टेलरच्या इंग्रजी कादंबरीवरून केलेली. टेलरने इंग्रजांच्या बाजूने पाहिलेला टिपू, आपट्यांच्या मराठीतून. वाचताना करमणूक होते, आणि कुठे कुठे चिडचिडही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. आडवं पडून वाचायचं असेल तर विश्वास पाटलांची 'संभाजी' किंवा 'पानिपत' घेऊ नका. डुलकी लागली की पुस्तक नाकावर येतं आणि त्या आकाराचं पुस्तक नाकावर येणं ही हसण्यासारखी बाब नाही. ती टेबलाशी बसून वाचायची. गोधडीसाठी इनामदार आणि आपटे बरे. मालिका चालू असतानाच पुस्तक सुरू करावं असं काही जण म्हणतात. मला ते जमत नाही. मालिका संपल्यावर निदान महिनाभर थांबावं. शीर्षकगीत कानातून गेलं की मग उघडावं.

या पावसाळ्यात मी स्वतः 'झेप' पुन्हा काढली आहे. त्रिंबकजी डेंगळे, दुसऱ्या बाजीरावाचा उजवा हात. 1815 मध्ये पंढरपूरला गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा खून झाला, ठपका त्रिंबकजींवर आला, इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं, आणि पुढच्या वर्षी ते तिथून निसटले. सांगतात की बाहेर एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठी गाणी म्हणत असे आणि गाण्यांत पळून जायचा बेत असे. पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना मराठी येत नव्हतं. एवढं नाट्य असूनही त्रिंबकजींना टीव्हीवर अजून चेहरा मिळालेला नाही. वाचायची असेल तर तोवर वाचून घ्या.